ड्रेस्डेनचं पत्र : काठावरच्या दोन ढाली

त्स्विंगर राजवाड्यातल्या पोर्सेलिन संग्रहात मी एका ताटलीपुढे बराच वेळ उभा होतो. समोरून ती नुसतीच पांढरी दिसते. जरा बाजूला सरकलं, उजेड तिरपा पडला, की पाणी दिसू लागतं. शिंपल्यासारख्या पन्हळी, त्यांवर पोहणारे दोन हंस, भोवती लव्हाळे, वरून उडत येणारा एक पक्षी. सगळं उठावाचं काम, बिनरंगाचं. रंग फक्त काठावर : थोडी विखुरलेली फुलं आणि शेजारीशेजारी दोन ढाली.

या ढाली म्हणजे नवऱ्याचं आणि बायकोचं कुलचिन्ह. हाइनरिश फॉन ब्र्यूल हा सॅक्सनीच्या दरबारातला सर्वांत वजनदार मंत्री. १७३४ मध्ये त्याचं लग्न कोलोव्राट घराण्यातल्या मारिया आनाशी झालं. माइसेनचा पोर्सेलिन कारखानाही त्याच्याच हाताखाली होता. तिथे शिल्पकार क्येंडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७३७ ते १७४२ या काळात त्याच्यासाठी हंसांच्या या नक्षीच्या भोजनसंचाचे २,२०० हून अधिक नग घडवले. ‘ब्र्यूल’ या शब्दाचा अर्थ पाणथळ जमीन. म्हणून सगळीकडे पाणी. खरे शिंपले नीट पाहता यावेत म्हणून क्येंडलर ड्रेस्डेनच्या राजसंग्रहात जाऊन बसला होता. माझं मन या माणसापाशीच अडकतं. काठावरच्या फुलांना जर्मन ‘इंडियन फुलं’ म्हणत, पण त्यांचे नमुने पूर्व आशियातले.

अशा ढालींमागच्या सरदारकीकडे इथले लोक कसे पाहतात, हे समजायला मला वेळ लागला. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने सरदारांचे खास हक्क संपवले. पदव्या मात्र नावाचा भाग म्हणून राहू दिल्या. त्यामुळे ‘ग्राफ’ म्हणजे उमराव, हा शब्द आजही काहींच्या आडनावात असतो आणि त्याने कायद्यापुढे काडीचाही फरक पडत नाही. शेजारच्या ऑस्ट्रियाने त्याच वर्षी नावातूनही तो काढून टाकला. मला जर्मनांची रीत अधिक प्रामाणिक वाटते.

ब्र्यूलचा वाडा फ्योर्टनला होता. १९४५ नंतर सरहद्द सरकली, आता ते गाव पोलंडमधलं ब्रोडी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिथे ठेवलेल्या या संचाचा मोठा भाग फुटला, लुटला गेला. उरलेले नग जगभरच्या संग्रहालयांत विखुरले आहेत.

माइसेनमध्ये हंसांची ही नक्षी अजून निघते. पांढरी, काठावर ढाली नसलेली.