पोटासाठी परमुलूख : बेकारी, स्थलांतर आणि आपण

विजयादशमीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन पार पडला की आपल्या वसमत परिसरातील कित्येक वस्त्यांमध्ये घरांना कुलपे दिसू लागतात. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी हैदराबादेत बांधकामावर, तर कोणी पुणे-मुंबईला मिळेल त्या कामावर. घरी राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी एक-दोन मुले. गेलेल्यांपैकी बरेच जण १४ एप्रिलच्या जयंतीला परत येतात. काही येतच नाहीत. हे इतक्या वर्षांपासून चालत आले आहे की त्याचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे. परंतु ज्या गोष्टीची सवय होते तिचाच विचार करण्याची अधिक गरज असते. म्हणून माणसे का जातात, बाहेर मिळालेली नोकरी गेली की काय होते आणि जाणाऱ्याने आपल्यासोबत काय न्यावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जमीन थोडी, काम त्याहून थोडे

वसमत तालुका तसा उजाड नाही. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांमुळे पूर्णा प्रकल्पाचे पाणी या भागाला मिळाले. ऊस, केळी आणि हळद येथे पिकते. वसमतचा हळदीचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. मग माणसे का जातात? कारण कालव्याचे पाणी ज्याला जमीन आहे त्याच्या शेतात जाते. ज्याला जमीनच नाही त्याच्या वाट्याला त्या पाण्यामुळे निर्माण होणारी मजुरी तेवढी येते, आणि तीही वर्षातील ठराविक महिनेच. हळदीच्या काढणीला हात लागतात, कापसाच्या वेचणीला लागतात. मधल्या काळात हाताला काम नसते. त्यात सोयाबीनचे क्षेत्र वाढले, तणनाशके आली, मळणीयंत्रे आली. ज्वारी-कापसाच्या शेतीत निंदणी, खुरपणी, कापणी, खुडणी अशी कामे महिनोन्महिने चालत. ती आता थोड्या दिवसांत उरकतात. शेतमालकाचा खर्च वाचला, पण तो वाचलेला खर्च म्हणजेच मजुराची बुडालेली मजुरी होय.

आपल्या समाजात भूमिहीनांचे प्रमाण मोठे आहे, हा काही योगायोग नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते याच प्रश्नावर. पुढे गायरान जमिनी कसणाऱ्यांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने योजना सुरू होऊन भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याचे ठरले. ज्या घराला दोन एकर का होईना स्वतःची जमीन आहे, त्या घरातला माणूस बाहेर गेला तरी मागे आधार ठेवून जातो. ज्याला ती नाही तो घरच उचलून नेतो.

तिसरे कारण इतिहासाचे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई-पुण्याकडे गिरण्या, शाळा आणि रेल्वेची कारखानदारी वाढत असताना इकडे औरंगाबादची गिरणी, नांदेडची उस्मानशाही मिल असे मोजकेच उद्योग उभे राहिले, आणि पुढे त्यांचेही भोंगे बंद झाले. मागे पडलेल्या मुलखातून पुढे गेलेल्या मुलखाकडे माणसे जाणारच. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून हजारो कुटुंबे मुंबईला गेली. चेंबूर, गोवंडी, घाटकोपर परिसरातील वस्त्यांमध्ये त्यांची मुले-नातवंडे आजही आहेत. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर जी घरे जळाली, त्यांतील अनेक कुटुंबांनी तर केवळ जीव वाचवण्यासाठी गाव सोडले. म्हणजे आपल्या स्थलांतरामागे भूक आहे, तसा अपमानही आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली काय दाखवून दिले?

या प्रश्नाचे मूळ परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी उलगडून दाखवले आहे. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी अनेक विद्वान म्हणत की शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात जाते. तेव्हा तुकडे जोडा. बाबासाहेबांनी विचारले, तुकडे जोडल्यावर त्या जमिनीवर जगणारी जादा माणसे जाणार कोठे? त्यांचे म्हणणे असे की खरा रोग शेताचा आकार हा नसून शेतीवर बसलेला रिकाम्या हातांचा भार हा आहे. हे हात उद्योगधंद्यांनी ओढून घेतले तर शेतीही सुधारेल आणि माणूसही. उपाय त्यांनी सांगितला तो औद्योगिकीकरणाचा.

विद्यार्थी मित्रांनी येथे एक भेद लक्षात घ्यावा. उद्योग माणसाला ओढून घेतो तेव्हा तो कौशल्य शिकतो, नियमित पगार घेतो, मुलांना शाळेत घालतो. गाव माणसाला ढकलून देते तेव्हा तो पडेल त्या मजुरीला आणि पडेल त्या अटीला तयार होतो. दोघेही एकाच एस.टी.तून जातात, पण त्यांचा प्रवास एक नव्हे. रामजी सुभेदार साताऱ्याहून मुंबईला येऊन परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. मुंबईत भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. तेही स्थलांतरच होते. म्हणून स्थलांतराला सरसकट वाईट म्हणता येत नाही. प्रश्न असा विचारावा की जाणारा काय घेऊन जातो आणि काय घेऊन परततो.

मिळवलेली नोकरी गेली तेव्हा

नोकरी जाण्याचा अनुभवही आपल्याला नवा नाही. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार समाजाने पिढ्यान्पिढ्या चाकरी केली होती. १८९० नंतरच्या दशकात ब्रिटिशांनी ही भरती बंद केली आणि उपजीविकेचा मोठा मार्ग एका आदेशाने बुजला. सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध विनंतीपत्र लिहिले. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. मधली जवळजवळ पन्नास वर्षे लोकांनी गिरण्या, गोद्या आणि रेल्वेत पोट भरले.

गिरणीत काम मिळाले, पण तेथेही जात दाराशी उभी होती. कापड विणण्याच्या खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा चालत नाही, या सबबीवर आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. चांगला पगार मात्र त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. यातून शिकण्याचा धडा असा की नुसते गाव बदलल्याने पायरी बदलत नाही. शहरातही खालच्या पायरीवरच उभे केले तर मंदीचा पहिला तडाखा त्याच पायरीला बसतो.

तो तडाखा १८ जानेवारी १९८२ पासून बसला. त्या दिवशी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांमधील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर लाखभराहून अधिक नोकऱ्याही गेल्या. कोणी गावी परतले, कोणी पहारेकरी झाले, कोणी हातगाडी लावली. वीस-वीस वर्षे एकच यंत्र चालवलेल्या माणसाला दुसरे काम येत नव्हते. १९९१ नंतरच्या नव्या आर्थिक धोरणात स्वेच्छानिवृत्तीचे पर्व आले. आज वाळूज, चाकण, रांजणगाव येथे आपली मुले कंपन्यांमध्ये आहेत, पण बरीचशी ठेकेदाराच्या हजेरीपटावर. कंपनीचे फाटक तेच, गणवेशही तसाच. पण मागणी घटली की प्रथम त्यांनाच घरी बसवले जाते.

अशा वेळी कायदा काय म्हणतो हे प्रत्येक तरुणाला ठाऊक असावे. उद्योगात एक वर्ष सलग, म्हणजे किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचे सरासरी वेतन नुकसानभरपाई म्हणून देणे बंधनकारक आहे. परंतु २४० दिवस काम केले हे दाखवायचे कशाने? हजेरीकार्ड, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि बँकेतील नोंदी यांनीच. कागद नसेल तर हक्क असूनही नसल्यासारखा.

उचल : पगाराआधीचे कर्ज

ऊसतोडीचे स्थलांतर याहून कठीण. मुकादम हंगामापूर्वी नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका 'कोयत्याला' उचल देतो. ही उचल लग्न, आजारपण किंवा जुने देणे फेडण्यात संपते आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यात जातात. एखादा दिवस काम चुकले तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी हिशेब पुरा होत नाही, आणि उरलेली बाकी पुढल्या वर्षाच्या उचलीत मिसळते. फडाजवळच्या कोपीत ना वीज, ना न्हाणीघर. बाईने पहाटे स्वयंपाक करून मोळ्या वाहायच्या आणि अंधार पडल्यावर पुन्हा चूल पेटवायची. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तेव्हा या श्रमाची किंमत बाई कशी मोजते हे सर्वांना कळले.

मुले बरोबर गेली की त्यांची शाळा सुटते. म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. शासनाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळही स्थापन केले आहे. परंतु गावातून कोणी आधी यादी दिली नाही तर सोय कागदावर राहते आणि मूल फडात.

आपण जातो, तसे इकडेही कोणी येतो

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ८ मे २०२० च्या पहाटे टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रेल्वेरुळावर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. ज्या मराठवाड्यातून माणसे बाहेर जातात त्याच मराठवाड्यात दुसऱ्या मुलखातील गरीब पोटासाठी आले होते. मुंबईत वा हैदराबादेत आपल्याला 'बाहेरचे' म्हटलेले ज्याला बोचते, त्याने येथे आलेल्या परप्रांतीय मजुराला तोच शब्द लावू नये. मैत्री आणि करुणा यांची कसोटी अशाच ठिकाणी लागते.

जाणाऱ्याची शिदोरी

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विषय दाखल्यांचा. जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी कोठे राहत होते याचा पुरावा लागतो. आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, जुने खासरा-पाहणी पत्रक असे कागद मूळ गावी आणि तहसील कचेरीतच मिळतात; जुन्या नोंदी कित्येकदा उर्दूत असतात. मुंबईत वाढलेल्या मुलाला हे ऐन प्रवेशाच्या वेळी आठवले तर धावपळ होते आणि वर्ष वाया जाते. घरात एकाचा दाखला व वैधता प्रमाणपत्र झाले की इतरांचा मार्ग सुकर होतो. १९९० साली बौद्धांचा अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात समावेश झाला. मात्र राज्य ओलांडले की त्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. म्हणून हैदराबादला जाणाऱ्या पालकांनी मुलांच्या शिक्षणाचा विचार आधीच करावा.

त्याखेरीज पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराने बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणीही आहे.

२) रेशनकार्ड दुसऱ्या गावी चालते, ते घरी पेटीत ठेवून जाऊ नये.

३) उचल घेताना रक्कम, दर आणि फेड वहीत लिहून घ्यावी व एक प्रत घरी ठेवावी.

४) जाण्यापूर्वी गावात कामाची लेखी मागणी करावी आणि तारखेची पोच घ्यावी. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली प्रथम आपल्याच राज्याने केला. मागणी नोंदली नाही तर शासनदरबारी गावात बेकार कोणी नाही, असाच अर्थ होतो.

५) आय.टी.आय.चे वा अन्य एखादे कौशल्य हाती असल्याशिवाय दहावी-बारावीनंतर लगेच बाहेर पडू नये. अडाणी हाताला शहर मजुरी देते, शिकलेल्या हाताला पगार.

संस्थेचे काम

ही सर्व कामे एकट्या-दुकट्याने होणारी नाहीत. विजयादशमीपूर्वी वस्तीनिहाय जाणाऱ्या कुटुंबांची वही तयार करणे. कोण कोठे आणि कोणत्या मुकादमाबरोबर जात आहे याची नोंद ठेवणे. मागे राहणाऱ्या मुलांची यादी शाळेकडे वेळेवर देणे. उन्हाळ्याच्या सुटीत दाखल्यांचे शिबिर भरवणे. आणि पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या आपल्या बांधवांचे पत्ते नव्याने जाणाऱ्या मुलांना देणे, ही कामे विहारात बसून करता येण्यासारखी आहेत. त्यांना मोठा निधी लागत नाही. दोन सुशिक्षित तरुण, एक वही आणि सातत्य लागते. जे शिकून बाहेर गेले आणि मार्गी लागले, त्यांच्यावर या बाबतीत अधिक जबाबदारी आहे.

गाव सोडू नका, असे कोणाला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. रिकाम्या पोटी कोणी गावात राहू शकत नाही. पण प्रत्येक जाणाऱ्याच्या हाती कौशल्य, खिशात कागद आणि पाठीशी समाज असावा, एवढे आपण निश्चित करू शकतो. त्याची सुरुवात येत्या विजयादशमीपूर्वी आपापल्या वस्तीतून व्हावी.