वजूचं पाणी आणि चाळीस कुंड्या

आमच्या घरात झाडांचं वेड शिरलं ते पुदिन्याच्या वाटेने. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून चटणीपुरता पुदिना लावला होता. मग कढीपत्ता आला, मोगरा आला, मेंदी आली, कोरफड आली. सब्जा आला. सरबतात आणि फालुद्यात ज्याचं बी भिजवून घालतो, कब्रस्तानातही लावलेला दिसतो, तोच हा सब्जा.

नंतर कारभार मुलीच्या हातात गेला. दावतीहून परतताना तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली एखादी फांदी असायचीच. दिवाळीच्या सुट्टीत मोजल्या तेव्हा गच्ची आणि जिना मिळून ७२ कुंड्या झाल्या होत्या. धाकट्याने इफ्तारच्या खजुराच्या बिया भिजवून, ओल्या कापडात ठेवून रुजवल्या, त्या वेगळ्याच.

खजुराबद्दल आधीच सांगून टाकते, कारण रमजाननंतर बऱ्याच घरांत हा उद्योग होतो. बी हमखास उगवतं, पण खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळ फक्त मादीला लागतं, आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. फुलोरा येईपर्यंत काही कळत नाही, आणि त्याला कित्येक वर्षं लागतात. कुराणात उल्लेख असलेलं फळझाड घरी हवंच असेल तर अंजीर किंवा डाळिंब लावा. अंजिराची फांदी सहज जगते, आणि त्याला कोरडी हवा मानवते. दौलताबादचे अंजीर काही उगाच नावाजलेले नाहीत. जैतूनचं रोप हौसेने आणतात लोक, पण त्याला फुलायला हिवाळ्याची खरी थंडी लागते. आपल्याकडे नुसती पानं बघायची.

जळकोट बालाघाटच्या डोंगराळ भागात. इथे पाऊस पडतो तेव्हा पडतो, आणि उन्हाळ्यात बादली मोजून भरावी लागते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ते लातूर शहरासाठी होतं. आमच्या गल्लीत टँकरची वाट बघत घागरी रांगेत असायच्या. ज्यांनी तो उन्हाळा पाहिलाय त्यांच्या देखत गुलाबाला पाणी घालायला हात धजत नाही. शेजारच्या खाला एकदा जिन्यातून जाता जाता म्हणाल्याच, "माणसाला प्यायला नाही आणि तुमच्याकडे झाडं गटागटा पितात." त्यांचं काही चुकत नव्हतं.

त्या रात्री मुलांच्या अब्बांनी हुकूम काढला. फाल्गुनापासून पावसापर्यंत नळाचं किंवा टँकरचं ताजं पाणी थेट कुंडीत जाणार नाही. मुलगी जेवली नाही. तोडगा अम्मींनी काढला: वजूचं पाणी.

वजूत साबण नसतो. वापरलेलं पाणी पाकच असतं, त्याने पुन्हा वजू होत नाही एवढंच. आम्ही बसायच्या चौरंगाखाली पसरट टब ठेवला. उघड्या नळाखाली एका वजूला चार-पाच लिटर सहज जातात. लोट्याने दीड लिटरात निवांत होतो. नबी करीम (स.) एका मुद्दभर, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर पाण्यात वजू करत. कयामत जवळ आली तरी हातातलं रोप लावून टाकावं, ही हदीस झाडांच्या कार्यक्रमात हमखास ऐकू येते. वाहत्या नदीकाठीही वजूत पाणी उधळू नये, ही ताकीद त्या मानाने कमी ऐकू येते. माझ्या मते दोन्ही एकाच दमात सांगायला हव्यात.

हिशेब असा झाला. आम्ही पाच माणसं, दिवसाचे वीस वजू, म्हणजे तीस लिटर. तांदूळ, डाळ, भाजी धुतल्याचे (मीठ पडण्याआधीचे) दहा. एकूण चाळीस. भर उन्हाळ्यात मोठ्या कुंडीला रोज लिटरभर धरला, तर चाळीस कुंड्या. बत्तीस जास्तीच्या.

मग घासाघीस. कोरफड आणि निवडुंगाला आठवड्यातून एकदा पाणी, तेव्हा त्यांच्या कुंड्या पूर्ण मोजायच्या नाहीत, असा मुलीचा दावा होता. तो मान्य झाला. अम्मींचा मोगरा आणि मेंदी चर्चेबाहेर. नेचे आणि रुंद पानांची तहानलेली झाडं फेब्रुवारी संपायच्या आत उदगीरला नणंदेकडे गेली. तिच्याकडे बोअर आहे. काही शेजारी वाटली, त्यातला एक गुलाब खालांकडे. त्यांनी तो घेतला, हे विशेष.

उरलेल्या कुंड्यांत पाणी टिकवायचं तर माती नीट हवी. नुसती काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मग ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने तळाशी पळतं, मुळं कोरडीच. म्हणून निम्मी काळी माती, बाकी बारीक मुरूम आणि कुजवलेलं लेंडीखत. बकरी ज्यांच्या दारात आहे त्यांना खत विकत घ्यायची गरजच नाही. वरून सोयाबीनच्या भुसकटाचा दोन-तीन बोटं थर. ते आपल्या भागात ढिगाने मिळतं. एप्रिल-मे हिरवी जाळी, आणि पाणी फजरनंतर किंवा मगरीबला; भर दुपारी नाही.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून मोठी बाग उभी केली होती. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने शिकवलेली ही वाट. कचऱ्याचं ते तंत्र आपणही जरूर घ्यावं. पण मुंबईची दमट हवा आपल्याकडे नाही. तिथल्या बागांचे फोटो बघून कुंड्यांची संख्या ठरवू नका.

खजुराची तीन रोपं धाकट्याने चाळिसात बसवून घेतली. ती नर की मादी, ते कळायला अवकाश आहे. तूर्त त्यांच्या वाट्याला अम्मींच्या जोहरच्या वजूचं पाणी लावून दिलंय, कारण अम्मींचा वजू सगळ्यात लांबतो.