दारू सोडल्यानंतरची साथ: एए सभा कशी शोधावी, तिथे काय होते?

"डॉक्टर, दारू सुटायची गोळी द्या," असे अनेक कुटुंबे सांगतात. गोळ्या आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण दारू बंद केल्यावर होणारा शारीरिक त्रास बहुतेकांचा आठवडाभरात ओसरतो. पुढचे महिने आणि वर्षे न पिता काढायची, हे खरे अवघड काम. ते एकट्याने फार थोड्यांना जमते.

एए म्हणजे काय?

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांची संघटना आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही मद्यपी, एकमेकांना भेटले आणि त्यातून ती उभी राहिली. इथे फी नाही, जात-धर्माची अट नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढेच पुरते.

उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मानसोपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर आलेली माणसे नव्यांना आधार देतात.

आधी डॉक्टरांना भेटा

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होणे, नसलेले दिसणे-ऐकू येणे, हातपाय खूप थरथरणे असे झाले तर ताबडतोब रुग्णालयात न्या. यात जीव जाऊ शकतो. सभा हा या टप्प्यावरचा इलाज नाही. औषधांनी शरीर सावरले की लगेच, शक्यतो त्याच आठवड्यात, पहिली सभा गाठावी.

सभा कुठे शोधाल?

- छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी करा.
- १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. दोन्ही मोफत आहेत.
- एएच्या भारतातील संकेतस्थळावर सभांची ठिकाणे व वेळा पाहा. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा.

वेरूळहून शहर साधारण ३० किलोमीटर. सभा बहुधा संध्याकाळी असतात, त्यामुळे परतीची गाडी आधी विचारून ठेवा. लेण्यांवर गाइड, दुकान किंवा हॉटेलात काम करणाऱ्यांना रविवारी सुटणे कठीण. मंगळवारी लेणी बंद असतात, तो दिवस जमतो का पाहा. रोज जाणे शक्य नसेल तर मोबाइलवरच्या ऑनलाइन सभा आहेत.

पहिल्या सभेत काय होते?

सभा साधारण तास-दीड तासाची असते. एकेक जण फक्त पहिले नाव सांगून आपला अनुभव मांडतो. कोणी उपदेश करत नाही, मध्ये तोडत नाही. तुम्हाला बोलायचेच असे नाही. "आज फक्त ऐकतो" म्हटले तरी चालते. शेवटी प्रार्थना असते आणि ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरते. खुल्या सभेला घरचेही येऊ शकतात, बंद सभा फक्त पिण्याची समस्या असलेल्यांसाठी असते. एकाच सभेवरून मत बनवू नका. पाच-सहा सभा करा, एक-दोघांचे फोन नंबर घ्या आणि तलफ आली की ग्लास उचलण्याआधी फोन करा.

"ओळखीचे कोणी भेटले तर?"

गावात ही भीती मोठी असते. पण तिथे भेटणारा माणूसही त्याच कारणाने आलेला असतो, आणि सभेतले बाहेर बोलायचे नाही ही रीत आहे. शिवाय, पिण्याची गोष्ट गावाला बहुधा आधीच माहीत असते. नवे असते ते सोडणे.

"माळ घातली आहे, मग सभा कशाला?"

माळेने किंवा शपथेने अनेकांची दारू सुटली आहे. ती जरूर पाळा. पण एखादे दिवशी पाय घसरला तर "आता माळ मोडलीच" म्हणून माणूस पुन्हा पूर्ण बुडतो. सभेत घसरलेल्यालाही खुर्ची मिळते, आणि 'फक्त आजचा दिवस प्यायची नाही' एवढाच हिशोब ठेवायचा असतो. माळ आणि सभा दोन्ही एकत्र चालतात.

घरच्यांसाठी

- जबरदस्तीने नेऊ नका. पहिल्या वेळी दारापर्यंत सोबत जा.
- न सांगता जेवणात दारू सोडवण्याची गोळी किंवा पूड मिसळू नका. वरून तो प्यायला तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते.
- पत्नी, आई-वडील यांच्यासाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे गट आहेत. तो सभेला जात नसला तरी तुम्ही जाऊ शकता.
- स्लिप झाली तर भांडण सकाळपर्यंत थांबवा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा आणि पुढची सभा चुकवू देऊ नका.

जवळ गट नसेल तर दारू सोडू पाहणारे दोन-तीन जण मिळूनही एए गट सुरू करू शकतात. त्यासाठी एक खोली आणि ठरलेली वेळ लागते. चालू असलेली औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.