उशिरा पिकणाऱ्यांची वाट

कॉलेजातून मेजर लीगमध्ये गेलेल्या बेसबॉलपटूंवर लिहायची वेळ आली की बहुतेक लेखण्या ठरलेल्या वाटेनेच जातात. बकनेलचा ख्रिस्टी मॅथ्यूसन, कोलंबियाचे एडी कॉलिन्स आणि लू गेरिग, मिशिगनचा जॉर्ज सिस्लर. तिथून कॉलेज वर्ल्ड सिरीजचं ओमाहा, रॉड डेडोंच्या हाताखालचं यूएससी, ॲरिझोना स्टेट, टेक्सस. आणि शेवटी लुईझियाना स्टेटचा, म्हणजे एलएसयूचा, पॉल स्कीन्स. ही माणसं थोरच आहेत. पण अशा नामावळीतून कॉलेज बेसबॉलने या खेळाला नेमकं काय दिलं, ते कळत नाही. माझ्या मते कॉलेजचं मोठं देणं म्हणजे सवड. अठराव्या वर्षी जो मुलगा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्याला अंगापिंडाने आणि खेळाने वाढायला मिळणारी तीन-चार वर्षं. या म्हणण्याचा सर्वांत सज्जड पुरावा दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय विद्यापीठांत सापडतो, आणि नेमकी तीच विद्यापीठं आपल्याकडच्या आणि तिकडच्याही आढाव्यांत एका वाक्यात उरकली जातात.

पहिल्या कालखंडावर रेंगाळण्याचं कारण नाही. कॉलेज आणि व्यावसायिक बेसबॉल यांचं तेव्हा फारसं जमत नव्हतं. कॉलिन्स १९०६ मध्ये फिलाडेल्फियाकडून खेळला तो ‘सलिव्हन’ या खोट्या नावाने, कारण खरं नाव बाहेर आलं असतं तर कॉलेजच्या संघातली जागा गेली असती. मिशिगनमध्ये सिस्लरला शिकवणारे ब्रँच रिकी पुढे सेंट लुईसला गेले आणि त्यांनी मायनर लीगच्या संघांची अशी साखळी उभी केली, की खेळाडू घडवण्यासाठी क्लबांना कॉलेजची गरजच उरली नाही. १९६५ मध्ये ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, सुरू झाला तेव्हा चित्र पालटायला लागलं. पहिलीच निवड ॲरिझोना स्टेटच्या रिक मंडेची झाली. तरी जुनी खोड जायला वेळ लागला. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने ॲरिझोना स्टेटच्या रेजी जॅक्सनला सोडून स्टीव्ह चिलकॉट या हायस्कूलच्या कॅचरला घेतलं. चिलकॉट मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

आता लुईझियानाकडे वळू. ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीय विद्यापीठात राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स हे १९३६ पासून चार दशकं अध्यक्ष होते आणि बेसबॉल संघाचे प्रशिक्षकही तेच होते. अध्यक्ष स्वतः डगआउटमध्ये उभा असेल, तिथे खेळ हा अभ्यासाच्या कडेला लावलेला विषय राहत नाही. टॉमी एजी आणि राल्फ गार हे दोघं याच मैदानावरचे. एजीने १९६९च्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात आउटफिल्डमध्ये घेतलेले दोन झेल मेट्सच्या इतिहासात अजून पहिल्या रांगेत आहेत. गारने १९७४ मध्ये .३५३च्या सरासरीने नॅशनल लीगचं फलंदाजीचं विजेतेपद मिळवलं. बॅटन रूजच्या सदर्न या दुसऱ्या कृष्णवर्णीय विद्यापीठाची गोष्ट तर त्याहून बोलकी. लू ब्रॉक तिथे आला तो अभ्यासाच्या बळावर मिळालेल्या मदतीवर. गुण घसरले, मदत गेली. परत जाण्याऐवजी त्याने बेसबॉल संघाचं दार ठोठावलं, चाचणीत चेंडू दूर भिरकावले आणि खेळाच्या शिष्यवृत्तीवर राहिला. १९५९ मध्ये सदर्नने छोट्या कॉलेजांच्या एनएआयए या संघटनेचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं तेव्हा ब्रॉक त्या संघात होता. ज्याला पहिल्या वर्षातच गमावून बसायची वेळ आली होती, तो पुढे ३,०२३ हिट आणि ९३८ चोरलेल्या बेसवर निवृत्त झाला. त्याला शिकागो कब्जसाठी हेरलं बक ओनील यांनी. स्वतः निग्रो लीगमध्ये वाढलेल्या या स्काउटला दक्षिणेतली छोटी मैदानं पाठ होती, आणि बाकीच्यांची पावलं तिकडे क्वचितच वळत.

याच सदर्नचा डॅनी गुडविन हा ड्राफ्टमध्ये दोनदा पहिला निवडला गेलेला एकमेव खेळाडू. १९७१ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला हायस्कूलमधून उचललं, पण करार जमला नाही आणि तो शिकायला गेला. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया एंजल्सने पुन्हा पहिल्याच क्रमांकावर घेतलं. त्याची पुढची कारकीर्द बेताची राहिली, हे खरं. ज्यांना या विद्यापीठांचं महत्त्व कमी करायचं असतं ते गुडविनचं नाव पुढे करतात. पण त्याच १९७५च्या ड्राफ्टमध्ये, ११व्या फेरीत, माँट्रियल एक्स्पोजने फ्लोरिडा ए अँड एममधला एक मुलगा घेतला. हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा दुखावला होता आणि तेव्हा कुठल्याही क्लबने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. तो आंद्रे डॉसन. ४३८ होम रन, १९८७चा एमव्हीपी, २०१० मध्ये हॉल ऑफ फेम. रिकी वीक्सलाही हायस्कूल सोडताना कुणी निवडलं नव्हतं; सदर्नमध्ये तीन मोसम खेळून त्याने .४६५ची सरासरी नोंदवली आणि २००३ मध्ये तो ड्राफ्टमध्ये दुसरा आला. माणूस तोच, मधली तीन वर्षं नसती तर कोणत्या स्काउटच्या वहीत त्याचं नाव चढलं असतं?

यावर हटकून येणारा आक्षेप असा, की केन ग्रिफी ज्युनिअर, डेरेक जीटर, माइक ट्राउट हे सगळे थेट हायस्कूलमधून आले, म्हणजे खरी प्रतिभा कॉलेजची वाट पाहत नाही. पण हे तिघं अठराव्या वर्षीच दिसत होते. प्रश्न न दिसणाऱ्यांचा आहे. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स याने १९८०च्या दशकात ड्राफ्टचे निकाल तपासून दाखवलं, की कॉलेजमधून घेतलेले खेळाडू हायस्कूलमधल्यांपेक्षा जास्त परतावा देतात. क्लबांनी ते कित्येक वर्षं मनावर घेतलं नाही. जेकब डीग्रॉम स्टेट्सन विद्यापीठात शॉर्टस्टॉप होता, पिचर म्हणून ड्राफ्टच्या नवव्या फेरीत निवडला गेला आणि २०१८ आणि २०१९ अशी सर्वोत्तम पिचरची लागोपाठ दोन साय यंग पारितोषिकं घेऊन बसला. असा मुलगा अठराव्या वर्षी करारबद्ध झाला असता तर त्याच्या हातात चेंडू द्यायचं कुणाला सुचलं असतं, याची मला शंकाच आहे.

आज ही वाट अरुंद होते आहे, आणि त्याचं दुःख मला लपवायचं नाही. १९९१ मध्ये मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू १८ टक्के होते, २०२४च्या सुरुवातीला ते ६ टक्क्यांवर आले. २०२२च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर प्रथमच असं घडलं. ‘ही मुलं फुटबॉल-बास्केटबॉलकडे वळली, त्याला कोण काय करणार’ असं म्हणून मोकळे होणारे जाणकार पुष्कळ आहेत. मुलं वळली हे खरं, पण का वळली? वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉल संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत, बास्केटबॉलच्या १३ जणांच्या संघाला १३. बेसबॉलच्या साऱ्या संघाला मिळून ११.७, त्याही २७ जणांत तुकडे करून वाटायच्या. ज्याच्या घरी उरलेली फी भरायला पैसे नाहीत, त्या मुलाने पूर्ण शिष्यवृत्ती देणारा खेळ निवडला तर त्याला आवडीचं नाव देणं अन्यायाचं आहे. त्यात आता उन्हाळी ट्रॅव्हल संघ आणि पैसे मोजून भाग घ्यायचे मेळावे. स्काउट तिथेच जमतात, बॅटन रूजच्या धुळीत नव्हे.

मेजर लीगने २०२३ पासून ग्रिफी ज्युनिअरच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय विद्यापीठांतल्या खेळाडूंचा स्विंगमन क्लासिक हा सामना सुरू केला आहे. सामना चांगला आहे, पण वर्षातून एका रात्रीचा आहे, आणि त्याच लीगने ड्राफ्टच्या ४० फेऱ्यांच्या २० करून आणि मायनर लीगमधले चाळीसहून अधिक संघ बंद करून किंवा साखळीबाहेर काढून उशिरा पिकणाऱ्यांच्या जागाच कमी केल्या आहेत. २०२५-२६ पासून कॉलेज खेळांची नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना ११.७ची मर्यादा उरली नाही. ३४ जणांच्या अख्ख्या संघाला पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण ती द्यायला तिजोरी लागते. एलएसयूची भरलेली आहे. त्याच बॅटन रूजमध्ये, काही मैलांवर असलेल्या सदर्नची नाही, आणि लू ब्रॉक सदर्नमध्ये घडला होता.