सिमल्याला जाताना

उन्हाळा आला की लोक थंड हवेच्या गावी जातात. आपल्याकडे महाबळेश्वर आहे, माथेरान आहे. उत्तरेकडे हिमालयात अशी पुष्कळ गावे आहेत. मसुरी, नैनिताल, दार्जिलिंग आणि सिमला ही त्यांतली नावाजलेली.

आज आपण सिमल्याची माहिती घेऊ. तिथे काय पाहावे ते सांगू. पण तिथे कसे राहावे, तेही सांगू. कारण घरात पाहुणे फार झाले, की माठातले पाणी संपते. सिमल्यात हे खरोखरच घडले आहे.

गाव किती उंच?

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे. त्याची उंची १,६४६ मीटर. सिमला गाव सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही ते साडेपाचशे मीटर वर आहे!

जसजसे उंच जावे, तसतशी हवा थंड होते. हजार मीटर चढले, की उष्णता साधारण सहा अंशांनी उतरते. म्हणून दिल्लीत अंगाची लाही होत असते, तेव्हा सिमल्यात संध्याकाळी स्वेटर लागतो. हिवाळ्यात तर बर्फ पडते.

ही थंडी पाहूनच इंग्रजांनी १८६४ साली सिमला ही आपली उन्हाळी राजधानी केली. दरवर्षी उन्हाळ्यात साहेब लोक, कारकून आणि कागदपत्रांच्या पेट्या, सारे डोंगरावर चढायचे. पण ओझी वाहायची कोणी? आसपासच्या खेड्यांतल्या गरिबांनी. त्यांना वेठीला धरत. मजुरी नावाला मिळे, कधी मिळतही नसे. या वेठीविरुद्ध डोंगरातले लोक १९२१ साली उठले. सत्यानंद स्टोक्स हे त्यांचे पुढारी. ते जन्माने अमेरिकन, पण इथलेच होऊन राहिले होते. लोकांनी एकजूट केली आणि वेठ बंद पाडली.

आज सिमला ही हिमाचल प्रदेशाची राजधानी आहे.

जायचे कसे?

आपल्याकडून आधी रेल्वेने दिल्लीला जावे. दिल्लीहून कालका. कालक्याला मोठी गाडी सोडायची आणि लहान गाडीत बसायचे. हिचे रूळ अरुंद आहेत. दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचे अंतर. १९०३ साली ही गाडी सुरू झाली. वाट ९६ किलोमीटरची, पण गाडीला पाच-सहा तास लागतात. वाटेत शंभरावर बोगदे आहेत. गाडी वळणे घेत, डोंगराच्या कडेकडेने, हळूहळू वर चढते.

हा मार्ग आखताना भाल्कू नावाच्या एका डोंगरी माणसाची साहेबांना फार मदत झाली, असे तिकडे सांगतात. भाल्कू शाळा शिकलेला नव्हता. पण डोंगर त्याच्या पायाखालचा होता. कुठला दगड पक्का, कुठली माती भुसभुशीत, हे त्याला कळे. सिमल्यातल्या रेल्वेच्या संग्रहालयाला आज त्याचे नाव आहे.

पाहायचे काय?

गावाच्या मध्यावर एक मोकळे मैदान आहे. त्याला रिज म्हणतात. आकाश निरभ्र असेल, तर तिथून दूरवरची बर्फाची शिखरे दिसतात. जवळच मॉल नावाचा बाजाराचा रस्ता आहे. तिथे मोटारींना बंदी आहे. त्यामुळे म्हातारी माणसे आणि पोरेबाळे निर्धास्त हिंडतात.

जाखूच्या टेकडीवर मारुतीचे देऊळ आहे. तिथे माकडे फार. चष्मा, पिशवी, प्रसाद, जे हाती लागेल ते ओढून नेतात. तेव्हा सांभाळून असावे.

व्हाइसरॉयसाठी बांधलेला १८८८ सालचा वाडाही पाहता येतो. इंग्रजांनी १९४५ साली देशाच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला सिमल्याला बोलावले, ती बैठक याच वाड्यात झाली. पुढे १९६५ पासून तिथे विद्वानांची संस्था आहे. परक्या राज्यकर्त्याच्या महालात आता पुस्तके आहेत.

पाणी येते कुठून?

आता मुद्द्याची गोष्ट.

आपल्या घराचे आढे आठवा. आढ्यावर पाऊस पडला, की पाणी दोन्ही पाख्यांवरून खाली जाते. आढ्यावर पाणी थांबते का? नाही. सिमला गाव असेच डोंगराच्या आढ्यावर वसले आहे. एका बाजूला पडलेला पाऊस सतलजला मिळतो आणि पुढे अरबी समुद्राला जातो. दुसऱ्या बाजूचा पाऊस यमुनेला, तिथून गंगेला आणि बंगालच्या उपसागराला जातो. गावाजवळ मोठी नदी नाही. नद्या-ओढे सारे खाली दरीत.

मग नळाला पाणी येते कसे? दरीतून पंपाने शेकडो मीटर वर चढवतात. टाक्यांत साठवतात. रिजचे मैदान आहे ना, त्याच्याही पोटात पाण्याची मोठी टाकी आहे. लोक वर हिंडतात, खाली पाणी साठलेले असते. इथले पाणी असे वीज आणि पैसा खर्चून वर येते.

इंग्रजांच्या वेळी वस्ती थोडी होती. २०११ च्या शिरगणतीत ती सुमारे १ लाख ७० हजार भरली. शिवाय मे-जून महिन्यांत पाहुण्यांची रीघ लागते. २०१८ च्या उन्हाळ्यात काय झाले? हिवाळ्यात बर्फ कमी पडले होते. ओढे आटले. नेहमीच्या निम्मेच पाणी येऊ लागले. बायाबापड्या रात्री-अपरात्री टँकरपुढे उभ्या राहिल्या. मोटारी धुवायला कोर्टाने बंदी केली. गावचे लोक बाहेरच्यांना विनवू लागले, "यंदा येऊ नका हो!"

टँकरची वाट पाहणे काय असते, हे आपल्याला सांगायला नको. आपल्याही घाटमाथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी मैल मैल चालावे लागते.

आणि घाण पाणी कुठे जाते? तेही खालीच. खालच्या ओढ्यात सांडपाणी मिसळले आणि तेच पाणी उपसून पुन्हा नळाला आले, म्हणून २०१५ च्या अखेरीस सिमल्यात काविळीची साथ पसरली.

डोंगर का सरकतो?

सह्याद्री कठीण काळ्या दगडाचा आहे. तरी पावसात दरडी कोसळतात. हिमालय तर वयाने लहान. त्याचे दगड जागोजाग तडकलेले, माती सैल. देवदार वृक्षांची मुळे ती माती धरून ठेवतात. झाडे तोडली, उतारावर मजल्यांवर मजले चढवले आणि पावसाच्या पाण्याची वाट बुजवली, की उतार सुटतो.

१४ ऑगस्ट २०२३ चा सोमवार. सिमल्यातल्या समर हिल भागात शिवमंदिरात लोक पूजेला जमले होते. मोठा पाऊस झाला होता. वरून दरड आली. २० माणसे दगावली. तिथेच रेल्वेचे रूळही अधांतरी लोंबकळत राहिले. डोंगर आपला इशारा देत असतो. तो ओळखायला भाल्कूसारखी नजर हवी.

जाणाऱ्याने काय करावे?

एक. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नये. मे-जूनची गर्दी टाळावी. ऑक्टोबर चांगला. आकाश स्वच्छ असते.

दोन. उन्हाळ्यातसुद्धा एक लोकरीचा कपडा बरोबर घ्यावा. पोहोचल्या दिवशी फार चढउतार करू नये. दम लागतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तीन. बादलीत पाणी घेऊन अंघोळ करावी. नळ सोडून ठेवू नये. पाणी उकळलेले किंवा गाळलेले प्यावे.

चार. कचरा दरीत टाकू नये. दरीतही माणसे राहतात. प्लास्टिकच्या पिशव्यांना हिमाचलात २००९ पासून बंदी आहे. कापडी पिशवी घरूनच न्यावी.

पाच. मोटारबंदी आहे तिथे सामान हमाल पाठीवर नेतात. मजुरी आधी ठरवावी आणि ठरलेली पुरती द्यावी. एके काळी याच वाटांवर वेठ चालत होती, हे विसरू नये.

प्रवास जरूर करावा. देश पाहावा. पण आपण जिथे चार दिवस राहतो, तिथे कोणी जन्मभर राहते. त्यांच्या वाट्याचे पाणी सांडून आपण मौज करू नये. गावाला आपला भार झाला नाही, तर ते गाव आपल्याला पुन्हा बोलावील.