प्रवाळावरचं बिऱ्हाड

सह्याद्रीचा काळा कातळ ज्या उद्रेकांतून घडला, त्यांचीच पुढची कहाणी मालदीवच्या बेटांखाली गाडलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड एका तप्त जागेवरून सरकत होता. आज त्या जागेवर रीयुनियन बेट आहे. तिथल्या उद्रेकांतून दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे त्याच उष्णतेतून लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी ज्वालामुखींची रांग उठत गेली. मालदीवमध्ये तेलाच्या शोधात खोल विहिरी खणल्या, तेव्हा प्रवाळाच्या चुनखडीखाली सुमारे दोन किलोमीटरवर बेसाल्टच लागला. ज्वालामुखी केव्हाच खचले आणि बुडाले. त्यांच्या माथ्यावरचे प्रवाळ मात्र उजेड धरून वाढत राहिले. नवी जोडपी हातात हात घालून ज्या पांढऱ्या वाळूवर चालतात, ती या वाढीचीच भुकटी आहे.

एवढ्या लांबून सुरुवात करायला कारण आहे. मालदीवला जायचं ठरलं की आपल्याकडे घरोघरी चर्चा होते ती खोलीची. व्हिला पाण्यावरचा घ्यायचा की किनाऱ्यावरचा, सोबत छोटा स्विमिंग पूल हवा का, पाळण्यात बसून फोटो निघेल का. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करायला निघालेल्या आमच्याही घरात याच गप्पा होत्या. तिथे राहून आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की, बेट निवडताना खोलीच्या आधी प्रवाळ बघावा. खोली कुठेही चांगली मिळते. जिवंत रीफ, म्हणजे प्रवाळाची भिंत, मिळेलच असं नाही.

या देशात सुमारे बाराशे बेटं आहेत आणि सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी तीनशे चौरस किलोमीटरही भरत नाही. माणसं राहतात ती दोनशेहून कमी बेटांवर. उरलेल्यांतली काही सरकार भाडेपट्ट्याने देतं आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट उभं राहतं. याची सुरुवात 1972 ची. त्याआधीच्या वर्षी जॉर्ज कॉर्बिन हे इटालियन पर्यटन व्यावसायिक कोलंबोत मालदीवच्या वकिलातीतल्या अहमद नसीम यांना भेटले आणि पुढे काही इटालियन पाहुण्यांना घेऊन राजधानी मालेत आले. तेव्हा तिथे हॉटेल नव्हतं, बँक नव्हती. पाहुणे लोकांच्या घरांत राहिले. 1972 च्या ऑक्टोबरात मालेजवळच्या विहामानाफुशी बेटावर कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. खोल्या तीस, भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छप्पर नारळाच्या झावळ्यांचं आणि अंघोळीला मचूळ पाणी. पाण्यात खांब रोवून त्यावर खोली बांधायची कल्पना मात्र मालदीवची नव्हे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायाटेआ बेटावर तीन अमेरिकन मित्रांच्या हॉटेलला चांगला वाळूचा किनारा नव्हता, म्हणून त्यांनी 1967 मध्ये थेट पाण्यावर झोपड्या उभारल्या. मालदीवने त्या कल्पनेचं सोनं केलं.

मुंबईहून मालेला विमानाने तीन तासांच्या आसपास लागतात. भारतीयांना उतरल्यावर तिथेच व्हिसा मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. पण दोन गोष्टी घरूनच सांभाळून निघावं. दारू आणि डुकराचं मांस देशात नेता येत नाही, आणि पूजेच्या मूर्ती आणायलाही तिथल्या कायद्याने मनाई आहे. नवी नवरी माहेरून मिळालेली अन्नपूर्णा सामानात ठेवते, तिने ती घरच्या देव्हाऱ्यातच ठेवावी. दुसरी गोष्ट वेळेची. लांबच्या बेटांवर सीप्लेनने जावं लागतं आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा मालेत उतरलं तर ती रात्र मालेत किंवा शेजारच्या हुलुमालेत काढावी लागते आणि तेवढ्या रात्रीचे रिसॉर्टचे पैसे वाया जातात. म्हणून सकाळचंच विमान पकडावं.

सीप्लेन म्हणजे ट्विन ऑटर, पायाखाली चाकांऐवजी तराफे लावलेलं पंधरा-सोळा जणांचं विमान. अशा विमानांचा जगातला सर्वांत मोठा ताफा मालदीवमध्येच आहे. वैमानिक शर्टाला पट्ट्या लावलेले आणि पायांनी अनवाणी, कारण उतरल्यावर तराफ्यावर उभं राहून दोर बांधायचा असतो. आवाज कानठळ्या बसवणारा. पण खिडकीची जागा मिळाली तर या देशाची घडण अर्ध्या तासात डोळ्यांनी समजते. गडद निळ्या पाण्यात अचानक एक फिकट कडं उमटतं, त्याच्या आत उथळ पाण्याचं हिरवट लगून आणि कडेला वाळूचा एखादा ठिपका. कडं ही रीफ आणि ठिपका म्हणजे बेट. वरून बघताना स्पष्ट दिसतं की बेट हे रीफचं लहानसं उपउत्पादन आहे.

आम्ही उतरलो बा अटॉलमधल्या, म्हणजे अशाच एका कड्यातल्या, मध्यम आकाराच्या बेटावर. धक्क्यावर ढोल वाजवून स्वागत झालं, ओले थंड टॉवेल मिळाले, चपला पिशवीत गेल्या. घड्याळही बदललं. मालेची वेळ भारताच्या अर्धा तास मागे, पण बरीच रिसॉर्टं आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळतो. पाण्यावरच्या खोलीत जमिनीला काचेचा चौकोन होता. रात्री खालच्या दिव्याभोवती मासे गोळा झाले, आणि आम्ही दोघं पोटावर पालथे पडून ते बघत बसलो. संसारात इतका निवांतपणा आम्हाला क्वचित मिळाला होता, हे खरं.

हा निवांतपणा कसा चालतो, हे मात्र बेटाच्या मागच्या अंगाला गेल्यावर कळलं. माझ्या नवऱ्याचा जन्म कारखान्यांत गेला. "बेटावर नदी नाही, विहीर नाही, मग शॉवरला इतका जोर कुठून?" हा प्रश्न त्याला पहिल्याच सकाळी पडला. विचारल्यावर तिथल्या लोकांनी आनंदाने सगळं दाखवलं. झाडांच्या दाट भिंतीपलीकडे एक दुसरं गाव होतं. कामगारांच्या खोल्या, मेस, मशीद, फुटबॉलचं छोटं मैदान, सुतारशाळा, लाँड्री. पाण्याच्या प्लांटवरचा अभियंता केरळचा होता. समुद्राचं पाणी गाळून घेतात आणि साठ-पासष्ट बारच्या दाबाने बारीक पडद्यांतून ढकलतात. मीठ मागे राहतं, गोडं पाणी पुढे जातं. आत येणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी पाणी वापरायला मिळतं, बाकीचं आणखी खारट होऊन समुद्रात परत जातं. पिण्याचं पाणी तिथेच काचेच्या बाटल्यांत भरलं जात होतं. एवढा दाब द्यायचा तर वीज हवी आणि वीज येते ती मुख्यतः डिझेल जनित्रांतून. हल्ली छतांवर सौरपट्ट्या दिसू लागल्या आहेत, पण रात्रीचे एसी अजून डिझेलवरच चालतात. डिझेल बोटीने येतं. तांदूळ, अंडी, टोमॅटो, सफरचंद, सगळंच बोटीने येतं. इथलं म्हणावं असं दोनच, नारळ आणि ट्यूना. ट्यूना अजूनही गळाने एकेक करून पकडतात, जाळ्याने नाही. त्यामुळे इतर जीव हकनाक मरत नाहीत, आणि ही शिस्त या देशाने पिढ्यानपिढ्या पाळली आहे.

कचऱ्याच्या कोपऱ्यावर आम्ही जास्त वेळ थांबलो. ओला कचरा कुजवून बागेत जातो, काच चुरून बांधकामात वापरतात आणि उरलेला कचरा बोटीने थिलाफुशीला जातो. मालेजवळच्या या लगूनमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून देशभरचा कचरा टाकून आख्खं बेट तयार झालं आहे. हे पाहिल्यावर आम्ही टॉवेल रोज बदलायला सांगणं बंद केलं आणि एसी चोविसावर आणला. तुम्हीही तेवढं कराच, आणि घरून प्लॅस्टिकच्या वेष्टनातला फराळ नेलात तर वेष्टनं परत घेऊन या.

आता ज्यासाठी जायचं त्या गोष्टीकडे. किनाऱ्याला लागून पोहत जाता येईल अशी रीफ असते तिला तिथे हाऊस रीफ म्हणतात. काही बेटांची रीफ वाळूपासून पंधरा-वीस मीटरवर सुरू होते, काहींची इतकी लांब असते की बोटीशिवाय पोहोचता येत नाही. ज्या बेटांना रुंद, उथळ, निळंशार लगून आहे ती फोटोत सुंदर दिसतात, पण पाण्याखाली तिथे बहुतेक नुसती वाळू असते. आरक्षणाआधी ईमेल करून सरळ विचारावं: हाऊस रीफ किनाऱ्यापासून किती लांब आहे, कडेपर्यंत पोहत जाता येतं का, बेटावर सागरी जीवशास्त्रज्ञ आहे का. उत्तर कसं येतं त्यावरूनच बरंच कळतं.

मला पोहता येतं ते विहिरीत शिकलेलं. मास्क लावून तोंड पाण्यात घातल्यावर पहिली काही मिनिटं घाबरण्यात गेली. मग श्वास लागला आणि एक आवाज ऐकू यायला लागला. कुरकुर, कुरकुर, सतत. खाली फिरोजी-गुलाबी रंगाचा हातभर लांबीचा पॅरटफिश प्रवाळाला चोचीने ओरबाडत होता. दात एकमेकांना जुळून झालेली ती चोच खडकावर आपटते तो आवाज पाण्यात स्पष्ट येतो. तो थोडा पुढे सरकला आणि त्याच्या मागून पांढऱ्या भुकटीचा एक झोत निघून हळूहळू खाली बसला. ती भुकटी म्हणजेच वाळू. प्रवाळावरचं शेवाळ खाताना हा मासा चुनखडीही गिळतो, घशातल्या दातांनी दळतो आणि बाहेर टाकतो. मालदीवमधल्याच वक्कारू बेटाच्या रीफवर शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं, तेव्हा नव्याने तयार होणाऱ्या वाळूतली 85 टक्क्यांहून जास्त वाळू पॅरटफिशची निघाली. मी नवऱ्याचा दंड धरून त्याला खाली दाखवलं. पाण्यात बोलता येत नाही, पण त्याने मास्कमागून डोळे एवढे मोठे केले की मला त्याचं म्हणणं समजलं.

म्हणजे रीफ मेली तर मासे जातील, मासे गेले तर वाळू थांबेल, आणि लाटा अडवणारी भिंतही खचेल. देशाची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरच्या आत आहे, हे लक्षात घेतलं की यातलं गांभीर्य कळतं. 1998 मध्ये समुद्र तापून उथळ पाण्यातला बहुतेक प्रवाळ पांढरा पडून मेला. तो सावरत होता तोच 2016 मध्ये पुन्हा तेच घडलं. आम्हीही पाहिलं: काही जागी जांभळ्या टोकांचा ताजा प्रवाळ आणि शेजारीच करड्या काटक्यांचा ढीग. बेटावरची तरुण जीवशास्त्रज्ञ मुलगी लोखंडी सांगाड्यांवर तुटलेल्या प्रवाळाचे तुकडे बांधत होती. तिने आम्हालाही दोन-चार बांधायला दिले. इतक्याने समुद्र थंड होणार नाही, हे तिने स्वतःच सांगितलं. तरीही ती रोज पाण्यात उतरते. मला तिच्याबद्दल फार आदर वाटला. पाहुण्यांच्या हातात एवढं आहे: प्रवाळावर पाय ठेवू नये, माशांना खायला घालू नये, आणि अंगभर सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालावा. शंख, प्रवाळ, वाळू देशाबाहेर न्यायला बंदीच आहे.

ऋतूचंही थोडं सांगते. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा, कोरडी हवा, पाणी स्वच्छ आणि भाव चढे. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा पाऊस. पण त्याच पावसात बा अटॉलमधल्या हनिफारू उपसागरात प्लवक साठतं आणि ते खायला मांटा रे जमतात. पंखांचा विस्तार तीन मीटर, तोंड उघडून संथ गिरक्या घेणारे. 2011 पासून हा अटॉल युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आहे. हनिफारूत फक्त स्नॉर्केलने उतरता येतं, तेही वनरक्षकासारख्या रेंजरच्या देखरेखीत आणि ठरावीक वेळेपुरतं. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर हंगामाचं शेपूट मिळू शकतं.

खर्चाचं स्पष्ट बोलायला हवं. जाहिरातीतला आकडा शेवटचा नसतो. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क, जुलै 2025 पासून 17 टक्के पर्यटन कर, आणि 2025 च्या सुरुवातीपासून रिसॉर्टांत माणशी दररोज 12 डॉलर हरित कर. सीप्लेनचं येण्याजाण्याचं भाडं साधारण माणशी चारशे ते सहाशे डॉलर. बेटावर दुसरं दुकान नाही, त्यामुळे जेवण धरलेलं पॅकेजच परवडतं. शाकाहाराची सोय होते, पण जेवणात कांदा-लसूण नको असेल तर आधी कळवावं.

ज्यांना एवढं झेपत नाही त्यांनी मालदीवचा विचार सोडायचं कारण नाही. 2009 नंतर सरकारने लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसना परवानगी दिली आणि माफुशीसारख्या बेटांवर ती भराभर उभी राहिली. तिथे दारू नाही, गावात अंगभर कपडे घालावे लागतात, पोहण्याच्या कपड्यांसाठी किनारा वेगळा राखलेला असतो. रीफ मात्र तीच. आम्ही एक दिवस थुल्हाधूला गेलो होतो. लाखकामासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. चरकावर फिरणाऱ्या लाकडी डब्यावर कारागीर लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाने लाख वितळते आणि लाल, काळ्या, पिवळ्या रंगाचे थर चढतात. मग टोकदार हत्याराने वरचा थर कोरून खालचा रंग काढतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लहानपणी पाहिलेल्या कामाची मला तीव्र आठवण झाली. आम्हाला चहा देणाऱ्या बाईंचा मुलगा रिसॉर्टमध्ये वेटर होता, सुट्टीत बोटीने घरी येई. त्यांनी सकाळच्या न्याहारीचं मास हुनी पुढे केलं: किसलेला ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, हाताने चुरलेलं, सोबत रोशी म्हणजे पातळ चपाती. इतक्या दिवसांत खाल्लेल्या सगळ्या जेवणांत ते मला सर्वांत आवडलं. पुढच्या खेपेला अशाच एखाद्या गावात उतरायचं आणि दिवसभर रीफवर पोहायचं, असं आम्ही दोघांनी बोटीतच ठरवलं.