घरगुती एस्प्रेसो आणि आरोग्य : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
मुंबईच्या उपनगरांत कॉफीची परंपरा एकपदरी नाही. मराठी घरांतून जायफळ घालून उकळलेली दुधाळ कॉफी केली जाते; मुलुंड, घाटकोपर, चेंबूर येथील दाक्षिणात्य कुटुंबांत पितळी वा स्टीलच्या फिल्टरमधून थेंबथेंब उतरणारे डिकॉक्शन रूढ आहे. आता अंधेरी-बोरिवलीतील काही घरांच्या ओट्यावर एस्प्रेसो यंत्रही आले आहे. पद्धत बदलली की केवळ चवच नव्हे, तर पेयातील घटकांचे प्रमाणही बदलते. प्रस्तुत लेखात या बदलाचा आरोग्याच्या दृष्टीने विचार केला आहे.

एस्प्रेसोची प्रक्रिया :
फिल्टर कॉफीत पाणी गुरुत्वाकर्षणाने झिरपते. एस्प्रेसोत मात्र सुमारे ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी ९ बार दाबाने बारीक दळलेल्या पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ढकलले जाते. इटलीत आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये अशा वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे आकिले गाज्जा यांच्या दट्ट्याच्या यंत्रामुळे दाब वाढून पेयावर दाट फेस येऊ लागला. गॅसवर ठेवण्याचे मोका पात्र १९३३ मधील असून त्यातील दाब एक-दोन बारच असतो. म्हणून त्यातील कॉफी कडक असली तरी तिला काटेकोर अर्थाने एस्प्रेसो म्हणता येत नाही.

कॅफीन व झोप :
राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला ३०० मि.ग्रॅ.पेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये. १५० मि.लि. फिल्टर कॉफीत ८० ते १२०, तर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मि.ग्रॅ. कॅफीन असते. लहान एस्प्रेसोत ते साधारणतः ६० ते ८० मि.ग्रॅ. असते, घरी बहुधा दुहेरी मात्रा काढली जाते, तेव्हा ते जवळजवळ दुप्पट होते. निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात. लोकल प्रवासानंतर सायंकाळी सात वाजता दुहेरी एस्प्रेसो घेणाऱ्या प्राध्यापकाच्या शरीरात मध्यरात्रीही एका लहान कपाइतके कॅफीन शिल्लक असते. सकाळी सातच्या तासिकेला जाणवणारा थकवा आणि तो घालविण्यासाठी घेतलेली पुढची कॉफी, हे दुष्टचक्र यातूनच सुरू होऊ शकते.

कोलेस्टेरॉल, लोह व कर्करोग :
कॉफीच्या तेलातील कॅफेस्टॉल व काहवेओल ही द्रव्ये रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवितात. कागदी गाळणी ती बहुतांशी अडविते. धातूची जाळी तेवढ्या प्रमाणात अडवू शकत नाही. त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढलेल्या व्यक्तीने रोज अनेक एस्प्रेसो घेण्याऐवजी कागदातून गाळलेली कॉफी निवडणे श्रेयस्कर.

जेवणासोबतची कॉफी वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण घटविते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. ही बाब लक्षात घेता पोह्यांवर पिळलेल्या लिंबाचा लाभ सोबतच्या कॉफीने कमी होतो, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. जेवणापूर्वी व नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, असे वरील सूचनांतही म्हटले आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला संभाव्य कर्ककारक मानले होते. २०१६ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी ते वर्गीकरण बदलले. मात्र ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेस बहुधा घातक ठरतात, असे तिने नोंदविले.

समारोप :
सारांश, एस्प्रेसो हे अमृत नव्हे आणि विषही नव्हे. यंत्राच्या किमतीपेक्षा कपांची संख्या, घेण्याची वेळ आणि जेवणापासूनचे अंतर या तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. गर्भवती स्त्रिया व हृदयविकाराचे रुग्ण यांनी मात्र प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.